ढगाआडचा जुलै : अमळनेरच्या कपाशीच्या उपग्रह-मालिकेतील गहाळ तारखा

अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठापासून उत्तरेला तापीपर्यंत पसरलेल्या काळ्या जमिनीवर खरिपात मुख्यतः कपाशी असते आणि मधूनमधून मूग-उडदाची वावरे असतात, ज्यांचे पीक लवकर निघाले की तीच जमीन दादर ज्वारीसाठी तयार केली जाते. तिथल्या एका शेतकरी गटाची मागणी साधी होती : जून ते डिसेंबर या काळात कोणत्या शिवारात कपाशी कशी वाढली आणि कुठे वावर दादरसाठी मोकळे झाले, हे दर पाच दिवसांच्या नकाशांतून पाहता यावे. आम्ही त्यासाठी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांवरून, लाल आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांतील परावर्तन वापरून, एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक काढला आणि एकसारख्या चढउताराची वावरे एकत्र करणारी वर्गीकरणाची पद्धत निवडली. या पद्धतीला प्रत्येक पिक्सेलची, म्हणजे चित्रातल्या सर्वांत लहान चौकोनाची, मालिका पूर्ण लागते, एकही तारीख रिकामी चालत नाही. खानदेशात जुलै-ऑगस्टमध्ये दिवसेंदिवस आभाय उतरून राहते, म्हणून रिकाम्या तारखा भरणे, म्हणजेच अंतर्वेशन, हेच या कामाचे मुख्य अंग ठरले आणि त्यातच आमची मोठी चूक झाली.

सेंटिनेल-२अ हा उपग्रह २३ जून २०१५ रोजी आणि २ब हा ७ मार्च २०१७ रोजी अवकाशात गेला. दोन्ही मिळून एकाच जागेवरून दर पाच दिवसांनी जात; जानेवारी २०२५ मध्ये २अ ची जागा २क ने घेतली. चित्राची एक चौकट सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद असते. वीस मीटरच्या पिक्सेलने मोजले तर तिच्यात प्रत्येक बाजूला ५,४९० पिक्सेल येतात, आणि ३२ बिटांच्या दशांश संख्येत साठवले तर एका तारखेचा एक थर सुमारे १२० मेगाबाइटचा होतो. वर्षाच्या ७३ तारखा घेतल्या की जवळपास ९ गिगाबाइट होतात, म्हणून आम्ही आधी तालुक्याच्या हद्दीपुरता तुकडा कापला आणि सगळे काम पायथॉन या संगणकभाषेतील एक्सअ‍ॅरे, रिओएक्सअ‍ॅरे आणि डास्क या तयार साधनसंचांवर केले. डास्क मोठा डेटा तुकडे पाडून हाताळते आणि ते वापरताना एक पथ्य पाळावे लागते. डेटाचे तुकडे जागेनुसार कितीही पाडले तरी चालतात, पण वेळेचा अक्ष अखंड एकाच तुकड्यात ठेवावा लागतो, कारण जुलैची रिकामी तारीख भरताना ऑगस्टची नोंद त्याच तुकड्यात हाताशी असली पाहिजे.

रिकामेपणाचे प्रकार

अशा डेटामध्ये ‘मूल्य नाही’ याचे तीन वेगळे अर्थ असतात आणि संगणकाच्या दृष्टीने ते तिन्ही सारखेच दिसतात. तालुक्याच्या हद्दीबाहेरचा भाग, नदीचे पात्र आणि तलाव इथे पिकाचे मूल्य कधीच नसते आणि कधी भरायचेही नसते. हा कायमचा मास्क, म्हणजे मूल्य झाकणारी खूण. दुसरा प्रकार म्हणजे चित्र आले, पण त्या पिक्सेलवर त्या दिवशी ढग होता. हा तात्पुरता मास्क. तिसऱ्या प्रकारात चित्रच नसते, म्हणजे मालिकेत ती तारीखच गहाळ असते. पहिला प्रकार दुसऱ्यात मिसळला की तापीच्या पात्रात कपाशी उगवते. तिसरा प्रकार लक्षात आला नाही तर पाच दिवसांची आणि पंधरा दिवसांची दरी संगणक एकाच मापाने मोजतो.

पहिल्या प्रयत्नात आमच्याकडे पायथॉनच्याच नमपाय या साधनसंचाचे मास्क केलेले अ‍ॅरे म्हणजे आकड्यांचे तक्ते होते, ज्यांत मूल्यांचा एक थर आणि मास्कचा दुसरा थर असतो. नमपायचे साधे इंटर्प हे अंतर्वेशनाचे फंक्शन मास्क पाहतच नाही. मास्कखाली पडून राहिलेला भरावाचा (रिकाम्या जागी टाकलेला) आकडा ते खरा मानून घेते. शिवाय मालिकेच्या दोन्ही टोकांबाहेर ते पहिले आणि शेवटचे मूल्य तसेच पुढे-मागे ओढत नेते, त्यामुळे जूनच्या सुरुवातीच्या ढगाळ तारखांना पुढे कधीतरी मिळालेला आकडा चिकटतो. दोन्ही गोष्टी आम्हाला आलेखावर लगेच दिसल्या, कारण काही वावरांचा एनडीव्हीआय मध्येच शून्याच्या बराच खाली गेला होता. म्हणून फाइल उघडतानाच मास्क मागून घेतला, भरावाच्या आकड्यांचे रूपांतर ‘नॅन’ या रिकाम्या मूल्यात केले आणि तिथून पुढे फक्त नॅनवरच विसंबलो.

वेळेचा अक्ष सरळ करायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. उपग्रह आपल्यावरून सकाळी अकराच्या आसपास जातो, म्हणून प्रत्येक चित्राच्या वेळेत तास, मिनिटे आणि सेकंद असतात. पाच दिवसांची नियमित तारखावळ मध्यरात्रीपासून तयार करून तिच्यावर मालिका बसवली की एकही वेळ नेमकी जुळत नाही आणि अख्खी मालिका रिकामी होऊन बाहेर पडते, तेही कोणतीही चूक न दाखवता. त्यामुळे आधी वेळ दिवसापर्यंत छाटावी लागते. ती छाटली की एकाच दिवशीची दोन चित्रे, म्हणजे शेजारच्या दोन चौकटींत आलेला सामाईक पट्टा, एकाच तारखेवर येतात आणि दुहेरी तारखा असलेला अक्ष रीइंडेक्स होत नाही, म्हणजे नियमित तारखावळीवर बसवता येत नाही. म्हणून क्रम असा ठरला : वेळ छाटणे, एका दिवसाची चित्रे एकत्र करणे, ढगांचा मास्क लावणे आणि मगच रीइंडेक्स करून गहाळ तारखा रिकाम्या थरांच्या रूपात उभ्या करणे.

त्याच टप्प्यावर आम्ही मागील वर्षांची चित्रेही जोडली होती, म्हणून एक नोंद इथेच करतो. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या परावर्तनाच्या आकड्यांत १,००० ची भर घातलेली असते आणि ती वापरणाऱ्याने वजा करायची असते. लाल पट्ट्याचे खरे मूल्य ६०० आणि जवळच्या अवरक्ताचे ३,००० असेल तर एनडीव्हीआय ०.६७ येतो, वजाबाकी विसरली तर तेच पीक ०.४३ वर येते. अंतर्वेशन दोन खऱ्या नोंदींमध्ये रेघ ओढते, म्हणून त्या दोन्ही नोंदी एकाच मापाच्या आहेत याची खात्री आधी केलेली असावी.

आखाडातले वावर

एवढे झाल्यावर आम्ही एक्सअ‍ॅरेचे इंटरपोलेट-एनए वापरून वेळेच्या अक्षावर सरळ रेषेचे अंतर्वेशन केले. ते नॅन ओळखते, प्रत्यक्ष तारखांमधले अंतर धरते आणि टोकांबाहेर काही भरत नाही. त्याच साधनसंचाचे नुसते इंटर्प वापरले असते तर शेजारची एक नोंद रिकामी असली तरी मधले मूल्य रिकामेच राहिले असते, म्हणून आधी असलेल्या तारखांमधली भोके भरावी लागतात. मालिका पूर्ण झाली, वर्गीकरण चालले, नकाशे छापून आले आणि ते दिसायला अतिशय नितळ होते. त्या नितळपणावरच आम्हाला शंका यायला हवी होती, पण ती आली नाही.

गटाच्या बैठकीत एका वयस्कर शेतकऱ्यांनी आपले वावर नकाशावर शोधले आणि जुलैच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “भाऊ, हाई वावर ते आम्ही आखाडमा मोडी टाकेल व्हतं.” पहिल्या पावसावर लावलेली कपाशी मधल्या ओढीत वाळली होती, म्हणून आषाढात त्यांनी पीक मोडले, जमीन पुन्हा वखरली आणि दुबार लागवड केली. आमच्या नकाशात मात्र त्याच वावराचा हिरवेपणा जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत एका चालीने वाढत गेला होता. मी म्हणालो, “आप्पा, तुमच्या वावराची प्रत्येक तारीख मी उघडून पाहतो,” आणि त्या रात्री त्या एका पिक्सेलची मालिका कागदावर उतरवली.

१९ जूनला ०.१९, २९ जूनला ०.२४ आणि त्यानंतर थेट २३ ऑगस्टला ०.५८, अशा खऱ्या नोंदी होत्या. मधल्या दहाही तारखा मास्कखाली गेल्या होत्या. दरी ५५ दिवसांची होती आणि तिच्यावरून ओढलेल्या रेघेने २४ जुलैला ०.३९ हा आकडा दिला होता, म्हणजे नुकत्याच पुन्हा लावलेल्या, जवळजवळ उघड्या जमिनीवर बऱ्यापैकी वाढलेली कपाशी. इथवर ही केवळ फार मोठी दरी भरण्याची चूक वाटली. परंतु दहाही तारखांची मूळ रंगीत चित्रे एकेक करून पाहिली तेव्हा १९ जुलैचे चित्र त्या शिवारावर स्वच्छ निघाले. ढग पूर्वेला बराच लांब होता. तरीही त्या वावरावर मास्क होता.

सेंटिनेल-२ च्या चित्राबरोबर प्रत्येक पिक्सेलचा वर्ग सांगणारा एक थर येतो. त्यात ४ म्हणजे वनस्पती, ५ म्हणजे उघडी जमीन, ६ म्हणजे पाणी, ८ आणि ९ म्हणजे ढग, १० म्हणजे पातळ ढग, ३ म्हणजे ढगाची सावली, आणि २ हा वर्ग गडद भागांसाठी असतो. आम्ही सावधगिरी म्हणून २ आणि ३ हे दोन्ही वर्ग झाकले होते. आप्पांच्या वावराला त्या दिवशी काही पिक्सेलवर २ आणि काहींवर ३ मिळाला होता. कारण समजायला खानदेशातल्या माणसाला वेळ लागत नाही. काळी कसदार जमीन, तीही पावसाने भिजलेली आणि ताज्या वखरणीने उकललेली. तिच्याकडून उपग्रहाकडे परत जाणारा प्रकाश इतका कमी असतो की वर्ग ठरवणाऱ्या आज्ञावलीला ती सावली वाटते. म्हणजे आमचा मास्क सगळ्या वावरांना समान वागणूक देत नव्हता. जिथे पीक उभे होते तिथली नोंद तो ठेवत होता आणि जिथे पीक मोडून ओली काळी जमीन उघडी पडली होती नेमकी तिथलीच नोंद काढून टाकत होता. त्यानंतर अंतर्वेशनाने त्या रिकाम्या जागेत वाढते पीक भरले. दुबार पेरणी शोधायला निघालेल्या मालिकेतून दुबार पेरणीच पुसली गेली होती.

माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. गहाळ नोंदी भरण्याच्या बहुतेक पद्धती मनाशी असे धरून चालतात की नोंद का गहाळ झाली याचा जमिनीवर काय घडले याच्याशी संबंध नाही. ढगांच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. मास्कच्या बाबतीत ते दरवेळी तपासावे लागते, आणि तपासण्याची जागा म्हणजे तुमच्या भागातली माती.

सावली ओळखण्याची कसोटी

सगळा वर्ग २ आणि ३ मोकळा सोडणे हा उपाय नव्हता, कारण खऱ्या सावलीतले मूल्य मालिकेत आले तर तेही रेघेचा खुंटा बनते आणि दोन्ही बाजूंच्या तारखा बिघडवते. आम्ही भूमितीचा आधार घेतला. अमळनेर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि जुलैच्या मध्यात सूर्य इथे दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. उपग्रह जातो त्या वेळी तो पूर्वेला सुमारे ६९ अंश उंचीवर असतो. अशा वेळी दोन किलोमीटर उंचीच्या ढगाची सावली त्याच्या पश्चिमेला सुमारे पाऊण किलोमीटरवर पडते, आणि पाच किलोमीटर उंचीच्या ढगाचीही दोन किलोमीटरच्या आतच. मग नियम असा केला की वर्ग २ किंवा ३ च्या पिक्सेलच्या पूर्वेला तीन किलोमीटरच्या पट्ट्यात ढगाचा एकही पिक्सेल नसेल तर तो सावली मानायचा नाही, उघडी जमीन मानायचा. सूर्याची दिशा आणि उंची प्रत्येक चित्राच्या माहितीत दिलेली असते, म्हणून सप्टेंबरनंतर, सूर्य दक्षिणेकडे कलल्यावर, पट्ट्याची दिशा आणि लांबी त्या आकड्यांवरून बदलत गेली. ढगांच्या कडा मात्र आम्ही उलट आणखी फुगवल्या, कारण ढगाच्या किनारीचा पातळ धूसर भाग वर्गाच्या थरात अनेकदा सुटतो आणि मूल्य खाली ओढतो.

इथे एक मोह टाळावा लागला. एनडीव्हीआयच्या मालिका गुळगुळीत करण्याच्या काही रूढ पद्धती प्रत्येक खड्डा ढगाचा दोष समजतात आणि मालिका वरच्या कडेला चिकटवतात. सातपुड्यातील जंगलासाठी ते बरेचसे ठीक आहे, कारण जंगल पंधरा दिवसांत नाहीसे होऊन परत येत नाही. कपाशीच्या वावरात खड्डा हीच बातमी असू शकते. घनवक्राचे, म्हणजे नोंदींतून वळणदार रेघ नेणारे, अंतर्वेशनही आम्ही एकदा करून पाहिले. मोठ्या दरीत ते खऱ्या नोंदींच्या वर आणि खाली झेप घेते आणि पिकाचा असा चढउतार दाखवते जो कुणीच पाहिलेला नसतो. सरळ रेष निदान दोन नोंदींच्या मर्यादेत राहते.

दरीची मर्यादा

यानंतर किती मोठी दरी भरायची हे ठरवायचे होते. इंटरपोलेट-एनए मध्ये त्यासाठी दोन वेगळी बंधने आहेत आणि त्यांत गल्लत सहज होते. ‘लिमिट’ हे बंधन रिकाम्या तारखा मोजते, पण दरी मोठी असली तरी तिच्या सुरुवातीच्या तेवढ्या तारखा भरून उरलेल्या सोडून देते, म्हणजे अर्ध्यावर सोडलेला पूल उभा राहतो. ‘मॅक्स-गॅप’ हे बंधन आधीच्या खऱ्या नोंदीपासून नंतरच्या खऱ्या नोंदीपर्यंतचे दिवस मोजते आणि दरी मोठी असेल तर तिला हातच लावत नाही. आम्हाला दुसरे हवे होते. जून ते मध्य सप्टेंबर या काळात मर्यादा २० दिवसांची आणि त्यानंतर ३५ दिवसांची ठेवली, कारण पेरणी, नांग्या भरणे, दुबार लागवड, कोळपणी ही सगळी घाई पहिल्या काळात असते आणि फुले-बोंडे धरल्यावर वावर हळू बदलते. या फंक्शनला हंगामानुसार बदलती मर्यादा देता येत नाही, म्हणून सगळीकडे ३५ दिवसांनी भरले आणि पावसाळ्यातील जिथे दरी २० दिवसांहून मोठी होती ती मूल्ये पुन्हा काढली.

ते करण्यासाठी प्रत्येक पिक्सेलला प्रत्येक तारखेला मागची खरी नोंद किती दिवसांपूर्वीची आणि पुढची किती दिवसांनंतरची, असे दोन थर आधीच तयार केले होते. रीत सोपी आहे : जिथे खरी नोंद आहे तिथे तिची तारीख लिहायची, ती वेळेच्या अक्षावर एकदा पुढे आणि एकदा मागे ओढायची आणि चालू तारखेशी वजाबाकी करायची. अंतर्वेशनाच्या आधी हे झाले पाहिजे, कारण भरल्यानंतर खरे कोणते आणि भरलेले कोणते हे सांगणारी कोणतीही खूण फाइलमध्ये उरत नाही. शेवटी कायमचा मास्क पुन्हा एकदा लावला. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या तलावाच्या तळात मधूनमधून नोंदी मिळतात आणि अंतर्वेशन त्यांना पावसाळ्यापर्यंत ताणते.

कसोटीसाठी आम्ही काही स्वच्छ नोंदी मुद्दाम लपवून त्या पुन्हा भरून पाहिल्या. सुट्या तारखा लपवल्या तर निकाल फार चांगला दिसतो, कारण शेजारी पाच दिवसांवर खरी नोंद असते. सलग चार-सहा तारखांचे गट लपवल्यावरच पद्धतीची खरी ओढाताण कळते. मात्र अशा सलग स्वच्छ तारखा ऑक्टोबरमध्ये मिळतात, जुलैमध्ये नाही, आणि ऑक्टोबरच्या शांत वावरावर उत्तीर्ण झालेली पद्धत आखाडातल्या वावरावर उत्तीर्ण होईलच असे म्हणता येत नाही. म्हणून या कसोटीवरून आम्ही फक्त सप्टेंबरनंतरची मर्यादा ठरवली. पावसाळ्याची मर्यादा शेतकऱ्यांनी सांगितलेल्या कामांच्या तारखांवरून ठरली.

आप्पांच्या पिक्सेलवर १९ जुलैची नोंद परत आली आणि ती ०.१६ होती. त्यामुळे ५५ दिवसांच्या दरीचे २० आणि ३५ दिवसांचे दोन भाग झाले. पहिल्यात ४, ९ आणि १४ जुलैसाठी ०.२२, ०.२० आणि ०.१८ भरले गेले. पीक नेमके कोणत्या दिवशी मोडले हे त्या आकड्यांतून कळत नाही, पण उतार खरा आहे. दुसरा भाग रिकामा राहिला. पूर्ण मालिका मागणारे वर्गीकरण त्यामुळे जून ते डिसेंबर असे चालवता आले नाही. ते आम्ही २३ ऑगस्टपासून पुढच्या मालिकेवर चालवले आणि जुलैमध्ये प्रत्यक्ष दिसलेले सर्वांत कमी मूल्य एक वेगळा स्तंभ म्हणून जोडले, तेही फक्त खऱ्या नोंदीवरून. ज्या पिक्सेलला जुलैत एकही खरी नोंद नव्हती ते तशीच खूण करून बाजूला ठेवले.

गटाला आता प्रत्येक तारखेची दोन पाने जातात. एकावर हिरवेपणा असतो, दुसऱ्यावर त्या आकड्याचे जवळच्या खऱ्या नोंदीपासूनचे दिवस असतात आणि न भरलेली वावरे दोन्हीकडे पांढरी असतात. जुलैच्या पानांवर पांढरे बरेच आहे. गेल्या बैठकीत आप्पांनी ते पान पुढ्यात घेतले आणि शेजारच्या शिवारातली कोणाकोणाची कपाशी दुबार लागली ते आठवून, त्या पांढऱ्या चौकटींत पेन्सिलने तारखा लिहायला सुरुवात केली.